पावणेचौदा फुटी सूर्य

मणेर मास्तर माणसाच्या तोंडाकडं नंतर बघत, आधी मनगटाकडं बघत. मी शाळेत रुजू व्हायला गेलो त्या दिवशी त्यांना नमस्कार केला, तर त्यांनी माझे जोडलेले हात तसेच धरून ठेवले, अंगठ्यानं मनगट दाबलं आणि हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "सव्वादोन. या पोराला कुणीतरी जेवायला घाला." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं. मला चांगलाच राग आला होता. मी एकवीस वर्षांचा, ट्रेनिंग करून ताजा ताजा बाहेर पडलेला, शाळा सुधारायला निघालेला. आणि हा काळ्या टोपीचा उंच माणूस माझं मनगट बायकांच्या हातासारखं मापत होता.

सांगलीला त्यांच्या घरचं बांगड्यांचं दुकान होतं. वडील लवकर गेले, तेव्हापासून दुकान आई चालवायची. सगळे तिला अम्मा म्हणत. सकाळी दुकानात बसायची, दुपारी बांगड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरोघर फिरायची. हात हातात घेतला की माप सांगायची, आणि तिनं सांगितलेलं माप चुकलं असं सांगलीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलगा तेवढा शिकला, मास्तर झाला आणि लोकल बोर्डानं त्याला इस्लामपूरपासून अडीच कोसांवरच्या आमच्या गावी आणून टाकला. दुकान सुटलं, पण बोटं दुकानातलीच राहिली. कोटाच्या उजव्या खिशात दोऱ्यात ओवलेल्या कड्यांचा एक जुडगा असे. पितळेच्या, लाखेच्या, काचेच्या, बोटभर रुंदीपासून हातभर रुंदीपर्यंत. हातभर रुंदीची अर्थात खिशात मावत नसे, ती वर्गात खुंटीला टांगलेली असायची. मास्तर चालायला लागले की खिसा वाजे, आणि पोरं दंगा थांबवून पाटीवर डोकं घालत.

त्यांचा एक शब्द होता. त्यानं मी, हेडमास्तर, गावचे पाटील, सगळेच हैराण झालो होतो. कुणी काहीही 'मोठं' म्हटलं की मास्तर विचारत, "कशापेक्षा?" पाटील म्हणाले, यंदा ऊस लय मोठा झालाय, मास्तर म्हणाले, कशापेक्षा? हेडमास्तर म्हणाले, आपल्या शाळेचं नाव मोठं आहे. मास्तर म्हणाले, कशापेक्षा? मी एकदा माझ्या मामाचं मोठेपण सांगत होतो, तेव्हाही तेच. "शिंदे," ते मला म्हणाले, "मोठं हा शब्द एकटा उभा राहत नाही. त्याला शेजारी दुसरं काहीतरी लागतं. शेजारी काय ठेवलंय ते सांग, मग मी तुझ्या मामाला मोठा म्हणतो." माझ्या मामाशेजारी ठेवायला मला काही सापडलं नाही. तेव्हापासून मी मामाचा विषय काढला नाही.

या शब्दामुळंच सगळं झालं.

सातवीच्या पुस्तकात सूर्यमालेचा धडा होता. दीड पानाचा. त्यात एक वाक्य होतं की ग्रह मोठे असतात व उपग्रह लहान असतात. मी ते वाक्य दोन वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. सातवीचा वर्ग मास्तरांकडं गेला, आणि पहिल्याच दिवशी ते या वाक्यापाशी अडले. मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसले आणि वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, "कशापेक्षा?"

"उपग्रह ग्रहापेक्षा लहान. सरळ तर आहे."

"कोणता उपग्रह? कोणत्या ग्रहापेक्षा?"

मी म्हणालो, "मास्तर, परीक्षेत एवढं विचारत नाहीत." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लोणच्याची फोड उगाच चावत बसलो.

दिवाळीच्या सुट्टीत ते सांगलीला गेले आणि कॉलेजच्या लायब्ररीत रोज जाऊन बसले. तिथं इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक होतं. ते बाहेर न्यायची परवानगी नव्हती, म्हणून सगळी मापं त्यांनी वहीत उतरवून आणली. सुट्टीवरून आले ते थेट माझ्या खोलीवर. आनंदानं त्यांना बसवत नव्हतं.

"शिंदे, प्रत्येक चंद्र आपापल्या ग्रहापेक्षा लहान, हे बरोबर. पण गुरूचा तिसरा चंद्र आहे ना, तो बुधापेक्षा मोठा आहे! बुध तीन हजार मैलांच्या आसपास, आणि हा त्याच्याहून शे-दोनशे मैलांनी जास्त. बुध सूर्याभोवती फिरतो म्हणून ग्रह, हा गुरूभोवती फिरतो म्हणून चंद्र. कुणाभोवती फिरतो त्यावर नाव ठरतं. आकार कुणाच्या चाकरीत नसतो."

मी म्हणालो, "बरं."

मापं वहीत ठेवून त्यांचं समाधान होणार नव्हतं. ती हातात आली पाहिजेत. त्यांनी पृथ्वी दीड इंचाची धरली, कारण दीड इंचाचं लिंबू गावात कुणाच्याही परसात मिळतं. त्या हिशेबानं गुरू निघाला साडेसोळा इंचांचा. मिरजेला तंबोरे करतात, तिथं एका कारागिराकडं तडा गेल्यामुळं बाद झालेला भोपळा होता, तो त्यांनी मांडीवर घेऊन आगगाडीतून आणला. पोरांनी तो भोपळा दोन्ही हातांच्या कवेत धरून बघितला, मग तो खाली ठेवून तळहातावर लिंबू घेतलं. शनीला त्याहून जरा लहान भोपळा, आणि त्याच्याभोवती बुरुडाकडून करून घेतलेलं बांबूचं रुंद कडं. मास्तर म्हणत, "हा एकटाच बांगडी भरलेला." हर्षल आणि नेपच्यून सहा सहा इंचांचे. सांगलीच्या बाजारात त्यांनी नारळाचं पोतंच्या पोतं कडीतून घालून बघितलं, तेव्हा दोन सारखे मिळाले. नारळवाला म्हणाला, आवं, देवाला द्यायचं हाईत का हिऱ्याच्या अंगठीत बसवायचं?

लहान मंडळी लाखेची. घरी बांगड्यांसाठी लाख आणि राळ असायचीच. निखाऱ्यावर धरायची, तळव्यावर वळायची, कडीत घालून बघायची. मंगळ लाल, बुध काळा, आपला चंद्र पिवळा, आणि गुरूचा तिसरा चंद्र हिरवा. या लहानांसाठी एक लाकडी पेटी केली होती, आत खण पाडलेली. त्यातला एक खण रिकामा असे. तो प्लुटोचा. तेव्हा तो सापडून फार वर्षं झाली नव्हती आणि त्याचं नक्की माप कुणाला लागलं नव्हतं. मी एकदा म्हणालो, "टाका की एखादा गोळा, कोण बघायला जातंय?" मास्तर म्हणाले, "माप आल्याशिवाय वळायचं नाही." पुढं म्हातारपणी मी वर्तमानपत्रात वाचलं की प्लुटो आपल्या चंद्राहूनही लहान निघाला. घरात मी एकटाच होतो, तरी मोठ्यांदा हसलो.

नेपच्यूनची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती पुढच्या वर्षीची. खंडेनवमीला शाळेत पट्ट्या, घंटा, नकाशे यांची पूजा असे. आमचा शिपाई नामा मोठा श्रद्धाळू माणूस. त्यानं हळदकुंकू आणलं, फुलं आणली, आणि ऐनवेळी नारळ राहिला म्हणून मास्तरांच्या फळीवरचा उचलला. मास्तर वर्गात आले तेव्हा पोरं खोबरं खात होती. नामा एक तुकडा पुढं करून म्हणाला, "घ्या मास्तर, नारळ वाढवला." मास्तरांनी फळीकडं बघितलं, हातातल्या तुकड्याकडं बघितलं. आम्हांला वाटलं, आता काही नामाचं खरं नाही. मास्तरांनी तुकडा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाले, "गोड आहे नेपच्यून." पुढच्या रविवारी पुन्हा सांगलीचा बाजार आणि पुन्हा पोतं.

राहिला सूर्य. तो या हिशेबानं पावणेचौदा फुटांचा निघत होता. एवढी गोल वस्तू गावात एकच, ती म्हणजे विहीर. महिनाभर मास्तर सुंभाचा दोर घेऊन विहिरी मोजत हिंडले. लढाईचे दिवस होते. कोण कशाची मोजणी करील आणि कशावर कसला कर बसवील याचा नेम नव्हता. लोकांनी मास्तरांना बघून विहिरींवर झापं टाकायला सुरुवात केली. शेवटी माप जुळलं ते गणपतराव हवालदारांच्या मळ्यात. हवालदार म्हणजे मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, मिशा तशाच राखलेला गडी. त्यानं मास्तरांना विहिरीच्या काठावर दोर धरलेला पकडला.

"काय चाललंय मास्तर? कुणाचा हुकूम हाय?"

"हवालदार, तुमची विहीर म्हणजे सूर्य आहे."

हवालदारानं आधी विहिरीत वाकून पाहिलं. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं, तसा तो ताठ झाला. दुसऱ्या दिवसापासून गावात, "आमची हीर म्हंजे सूर्य हाय, सरकारी मापानं," असं सांगत सुटला. मास्तरांनी त्याला सरकारी हा शब्द वगळायला सांगितलं. त्यानं वगळला नाही.

सगळी सातवी त्या विहिरीवर गेली. काठानं पोरं उभी केली, गोल केवढा तो दाखवला. हवालदाराची मुलगी हौसा त्याच वर्गात होती. पोरींतली एकटीच सातवीपर्यंत टिकलेली. ती म्हणाली, "मास्तर, मग पृथ्वी कुटं?" मास्तरांनी खिशातून लिंबू काढून तिच्या हातावर ठेवलं. हौसानं एकदा विहिरीकडं बघितलं, एकदा लिंबाकडं. मग तिनं विचारलं, "आन आमचा मळा हेच्यात कुटं आला?" त्या दिवशी मास्तर घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.

हौसाचं एक ठरून गेलेलं होतं. सातवीची परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. पास झाली तर पुढं शिकून तिला मास्तरीण होता येणार होतं. हवालदारानं शाळेत येऊन सर्वांसमोर सांगितलं होतं, "पास झाली तर शिकंल. न्हाई झाली तर येत्या लगीनसराईत उजवून टाकतो. मी दोनदा बोलत न्हाई." पाहुणे बघूनही ठेवले होते. हौसा तेव्हा दारात उभी होती. तिनं मान वर केली नाही, पण त्या दिवसापासून ती मळ्यातली कामं आटपून सगळ्यांच्या आधी शाळेत येऊन बसायला लागली.

परीक्षेचं केंद्र साताऱ्याला होतं. एप्रिलमध्ये मास्तर आणि मी सात पोरं आणि हौसा यांना घेऊन सर्व्हिस मोटारीनं निघालो. मास्तरांनी लाखेची पेटी बरोबर घेतली होती, म्हणजे पोरांची उजळणी करता येईल. कऱ्हाडला मोटार बदलली. मास्तर पोरांना बसवण्यात गुंतले आणि पेटी माझ्या मांडीवर आली. मांडी अवघडली. मी पेटी क्लीनरकडं दिली आणि त्यानं ती टपावर ट्रंकांमध्ये टाकली. साताऱ्याला उतरलो तेव्हा मी ती पुन्हा काखेत घेतली आणि कुणाला काही बोललो नाही.

आणखी एक गोष्ट मी केली. तीही सांगून टाकतो. लेखी परीक्षा नीट पार पडली, आणि त्या गडबडीत पेटी उघडायची वेळच आली नाही. तोंडीच्या दिवशी सकाळी मी हौसाला बाजूला घेऊन म्हणालो, "ग्रह-उपग्रह विचारलं तर पुस्तकात आहे तेच सांग. मास्तरांचं खरं आहे, पण परीक्षा पुस्तकाची आहे." तिनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली असं मी समजलो.

तोंडी घेणारे साहेब मोठे करडे होते. बंद गळ्याचा कोट, जरीची टोपी, आणि समोर पोर उभं राहिलं की घड्याळ बाहेर काढून टेबलावर ठेवण्याची सवय. आम्ही दोघं व्हरांड्यात बाकावर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, "ग्रह आणि उपग्रह यांत मोठे कोण?"

हौसा म्हणाली, "कोणता ग्रह आन कोणता उपग्रह, साहेब?"

मी डोळे मिटले. मास्तर बाकावर पुढं सरकले.

"उत्तर दे. प्रश्न मी विचारतो."

"समदेच उपग्रह लहान न्हाईत. गुरूचा तिसरा चंद्र बुधापेक्षा मोठा हाय."

"चूक."

"चूक न्हाई साहेब. मोजून बघा."

साहेबांनी शून्य दिलं, आणि वर शेरा मारला की मुलगी उद्धट आहे. तोंडीत नापास म्हणजे परीक्षेतच नापास. हौसा बाहेर आली ती रडत नव्हती. मास्तरांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, मी बरूबर सांगितलं ना?"

"बरोबर सांगितलंस," मास्तर म्हणाले, आणि पेटी उचलून आत गेले. मी मागोमाग गेलो, कारण पेटीचं काय झालं असेल याची धाकधूक एकट्या मलाच होती.

मास्तरांनी साहेबांना अदबीनं नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं, आणि जुडग्यातून एक बारकी पितळी कडी सोडवली. ती नेमकी अशी होती की बुध तिच्यातून जाई आणि हिरवा चंद्र अडके. वर्गात हा खेळ आम्ही शंभर वेळा पाहिला होता. "साहेब, आपण स्वतः घालून बघा," असं म्हणून त्यांनी पेटी उघडली.

आत बुध बसका झाला होता. कऱ्हाडपासूनच्या भर उन्हात टपावर लाख मऊ पडली होती. काळा गोळा दाबल्यासारखा चपटा, कडेनं पसरलेला. साहेबांनी तो कडीवर ठेवला. अडकला. हिरवा ठेवला, तोही अडकला. साहेबांनी दोन्ही गोळे शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्यांदाच हसले. "मास्तर, तुमचा बुधच मोठा निघाला की हो!"

त्या खोलीत मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मास्तरांचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी बुध उचलला, बोटांत फिरवून पाहिला.

"साहेब, गोळा बसला. बुध जागेवरच आहे."

"आणि गोळा तरी कुणी वळला? तुम्हीच. तुम्ही मोठा वळला असता तर मोठा झाला असता."

यावर मास्तर रागावतील असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे चमकले. "हा बरोबर प्रश्न आहे, साहेब. माझ्या वर्गात आजवर एकानं विचारला नाही." त्यांनी वही काढून पुढं ठेवली. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"हस्ताक्षर तुमचंच. छापील पुस्तक दाखवा. उद्या दुपारी तीन वाजता मी तक्त्यावर सही करून मोकळा होणार. त्याच्या आत दाखवलंत तर बघीन."

पुस्तक सांगलीला. मास्तरांनी घड्याळाकडं पाहिलं, कोटाची बटणं लावली आणि स्टेशनची वाट धरली. जाताना मला एवढंच म्हणाले, "हौसाला जेवायला घाल."

हौसा जेवली, पण मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हणालो, "अजून वेळ आहे. साहेबांची माफी माग, चुकलं म्हण. शेरा तरी काढतील."

ती म्हणाली, "मग मास्तर सांगलीला कशाला ग्येलं?"

बारा वाजले, एक वाजला. मी दारात आणि हौसा पायरीवर. दोन वाजून गेले तेव्हा फाटकातून एक टांगा आला. त्यातून मास्तर उतरले आणि त्यांच्यामागून, डोक्यावर पदर, काखेत बांगड्यांचं गाठोडं, अम्मा.

लायब्ररीवाल्यांनी पुस्तक बाहेर द्यायला साफ नकार दिला होता. मास्तर हात हलवत घरी आले. अम्मानं विचारलं, कोन लायब्ररीवाला? पत्ता ऐकला आणि गाठोडं उचलून त्यांच्या मागच्या दारानं आत गेली. त्या घरातल्या काकूंच्या हातांत ती बारा वर्षं बांगड्या भरत होती. काकू आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्या हातून माझी एक बांगडी कधी टचकली नाही. तुमचं पुस्तक फाटेल होय?" शेवटी लायब्ररीवाले एका अटीवर कबूल झाले. पुस्तक अम्माच्या हातातून दुसऱ्या कुणाच्या हातात जाता कामा नये. पोटच्या पोराच्याही नाही. अम्मानं जबान दिली. आगगाडीभर मास्तर शेजारी बसून होते आणि पुस्तकाला त्यांनी बोट लावलं नव्हतं.

अम्मा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. गाठोडं सोडलं, बांगड्यांच्या मधोमध मऊ फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं आणि मांडीवर उघडून ठेवलं. साहेब खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी हात पुढं केला.

"वाचा साहेब. पन हात न्हाई लावायचा. म्या जबान दिलीया."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी सगळा प्रकार सांगितला. साहेबांच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. मला वाटलं, झालं, आता हा माणूस आत जाणार आणि सही करणार. पण साहेबांनी टोपी काढून बाकावर ठेवली, कोट सावरला, आणि त्या म्हातारीपुढं फरशीवर उकिडवे बसले. मान वाकवून तिच्या मांडीवरचं पुस्तक वाचायला लागले. पान संपलं की म्हणत, "उलटा." आणि अम्मा बांगडी सरकवावी तशा हातानं पान उलटे. एका जागी ते थांबले. बोट हवेतच ठेवून एक आकडा वाचला. "मागचं पान." मागचा आकडा वाचला. "पुढचं." पुन्हा वाचला.

साहेब उठले. गुडघ्यावरची धूळ झटकली. हौसाला बोलावलं.

"हे तू कुठं शिकलीस?"

"हिरीवर," हौसा म्हणाली.

साहेबांना काही ते कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. आत जाऊन शून्य खोडलं. "दहापैकी आठ," ते म्हणाले, "दोन उद्धटपणाचे कापले." मग मास्तरांकडं वळून हळूच म्हणाले, "सात वर्षं मी हे वाक्य बरोबर म्हणून तपासतोय." मास्तर म्हणाले, "मीही पाठच केलं होतं, साहेब." दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. अम्मा पुस्तक बांधता बांधता म्हणाली, "भला मानूस हाय. हात बघितला का? रुंद हाय."

गावी आल्यावर हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "म्हंजे आमच्या हिरीनं पोरगी पास क्येली." पाहुण्यांना त्यानं निरोप धाडला. तो दोनदा बोलत नव्हता, हे मात्र खरं.

अम्मा गेल्यावर मास्तरांनी नोकरी सोडली आणि सांगलीला दुकानात बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, फळा नीट दिसत नव्हता. मी त्यांना शेवटचं भेटलो ते स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनेक वर्षांनी. हौसाला शाळेत पहिली नेमणूक मिळाली होती आणि रुजू होण्याआधी तिला मास्तरांना भेटायचं होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मास्तर गादीवर बसले होते. आमचे आवाज ओळखले, पण आधी हौसाचा हात हातात घेतला. "अडीच," म्हणाले. "मास्तरीण झाली."

हौसानं पिशवीतून एक पेटी काढली. आपल्या शाळेसाठी तिनं स्वतः लाखेचे गोळे वळले होते. मास्तरांनी एकेक गोळा उचलून बोटांत फिरवला. मंगळ. चंद्र. जुडगा काढला, चाचपून ती बारकी पितळी कडी शोधली. बुध घातला, तो पलीकडं पडला. हिरवा घातला, तो अडकला. मास्तरांनी कडी तशीच कानाशी नेऊन हलवली, जणू आत काही वाजणार होतं. मग बोटांनी पेटी चाचपली, रिकामा खण लागला, आणि मान डोलावली.

"ही पेटी मोटारीच्या टपावर ठेवू नकोस हं," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "पेटीवर टपावरची धूळ होती, शिंदे."

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. मनात होतं तेच मी बोलून गेलो. "मास्तर, तुम्ही फार मोठे आहात."

मास्तर हसले. मला कळलंच होतं काय येणार ते.

"कशापेक्षा?"

मी गप्प झालो. मामाच्या वेळी झालो होतो तसाच. तेव्हा हौसा म्हणाली, आणि ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलेली शुद्ध भाषा सोडून म्हणाली, "आमच्या हिरीपरास, मास्तर."

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोटांत ती कडी होती आणि कडीत हिरवा चंद्र अडकलेला. तेवढ्यात पायरीवर एक बाई आली आणि हात पुढं करून बसली. मास्तरांनी कडी खाली ठेवली, डोळे पुसले, आणि तिच्या मनगटावर अंगठा ठेवला.